‘संमती’, ‘सहमती’ की ‘परवानगी’? आणि कुकीज ‘स्वीकारायच्या’ का?

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या ठाण्यातल्या एका पतसंस्थेच्या वेबसाइटचा मराठी मजकूर लिहितायत आणि साइट उघडल्यावर खाली कुकीजची (साइट आपल्या फोनमध्ये खुणेसाठी ठेवते त्या छोट्या फाइलींची) पट्टी येते ना, तिथे अडकल्यात. आधी कुणीतरी करून ठेवलेलं मराठी असं आहे: ‘आम्ही आपला अनुभव वर्धित करण्यासाठी कुकीज वापरतो. यासाठी आपली सहमती आवश्यक आहे.’ खाली दोन बटणं, ‘सर्व स्वीकारा’ आणि ‘प्राधान्ये व्यवस्थापित करा’. ताई विचारतायत की सहमती बरोबर, संमती बरोबर, की सरळ परवानगी लिहू? आणि बटणावर काय लिहू?

सहमती आधी निकालात काढू. मराठीत सहमती मतांची होते. दोन-तीन बाजू बसतात, चर्चेच्या फेऱ्या होतात, जागावाटपावर सहमती होते किंवा होत नाही आणि मग त्याची बातमी होते. ‘मी तुमच्याशी सहमत आहे’ म्हणजे तुमचं म्हणणं मला पटलंय. इथे वेबसाइटचं म्हणणं पटण्या-न पटण्याचा प्रश्नच नाहीये, ती माझ्या फोनमध्ये काहीतरी ठेवणार आहे, ते ठेवू द्यायचं की नाही एवढाच विषय आहे. हिंदीत सहमति दोन्हीकडे चालून जातं, तिथूनच हे आपल्याकडे आलंय असा मला दाट संशय आहे.

संमती मात्र नेमका याच कामाचा शब्द आहे आणि चांगला जुना आहे. ऑपरेशनच्या आधी सही करतो ते संमतिपत्र (समासात ‘ति’ ऱ्हस्व, पण हॉस्पिटलच्या फॉर्मवर दीर्घच छापलेला असतो, सोडून द्या). १८९१ मध्ये मुलींचं संमतिवय १० वरून १२ करणारा कायदा आला तेव्हा टिळक विरोधात, आगरकर बाजूने, असा जोरदार वाद झाला. म्हणजे माझ्या बाबतीत दुसऱ्याने काही करायचं तर त्याला मी कळून-सवरून दिलेला होकार, हा अर्थ या शब्दाला तेव्हापासून घट्ट चिकटलेला आहे. १८७२ चा कराराचा कायदाही हेच म्हणतो, दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार दिला तरच ती संमती. आता सांगा, ‘अनुभव वर्धित करण्यासाठी’ हे वाचून कुठल्या खातेदाराला कळणारे की आपण कशाला हो म्हणतोय?

परवानगी चूक नाही. फक्त परवानगीला एक वर-खाली असतं, मागणारा खाली आणि देणारा वर, जसं मंडपाला महापालिकेची परवानगी. पण इथे देणारे आपण आहोत त्यामुळे उलट बरंच आहे की! शिवाय कॅमेऱ्याची परवानगी, लोकेशनची परवानगी, हे फोनने सगळ्यांच्या तोंडी बसवलंय. वाक्यात खुशाल वापरा. जिथे कायद्याचा संबंध येतो तिथे मात्र संमतीच ठेवा. अनुमती, मान्यता, मंजुरी यांच्या वाटेला जाऊच नका, मंजुरी कर्जाला मिळते आणि मान्यता शाळेला.

आता खरी मेख. आपल्या सोसायट्यांमध्ये ‘ना हरकत’ नावाचा एक प्रकार असतो, फ्लॅट विकायचाय, ना हरकत दाखला आणा. घोडबंदर रोडला काय नि वाशीला काय, सगळीकडे तेच. ना हरकत म्हणजे मी आडवा येणार नाही, बस. पुनर्विकास आला की मात्र नुसतं ‘कुणी हरकत घेतली नाही’ म्हणून भागत नाही, कमिटीवाले घरोघरी फिरून सह्यांची संमतिपत्रं गोळा करतात. बऱ्याचशा कुकी-पट्ट्या लिहितात संमती आणि घेतात ना हरकत. ‘साइट वापरत राहिल्यास आपली संमती गृहीत धरली जाईल’ हे वाक्य बघितलंय ना? गृहीत धरलेली ती संमती कसली!

युरोपात यावर कोर्टकचेऱ्या झाल्यात. तिकडे कुकीसाठी आधी विचारायचं हा नियम २००९ च्या दुरुस्तीपासून आहे, आणि मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआरने, म्हणजे तिकडच्या डेटा-संरक्षण कायद्याने, संमती कशाला म्हणायचं ते कडक केलं. एका जर्मन लॉटरीच्या साइटने चौकटीत आधीच टिक करून ठेवली होती, नको असेल तर तुम्ही काढा. १ ऑक्टोबर २०१९ ला युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही संमती नाही. मग जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या नियामकाने गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड ठोकला, कारण काय तर हो म्हणायला एक क्लिक आणि नाही म्हणायला बऱ्याच. लॉगिन टिकवायला किंवा बास्केट लक्षात ठेवायला लागणाऱ्या कुकीजना मात्र तिथेही विचारावं लागत नाही.

आपल्याकडचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा ‘कुकी’ हा शब्द उच्चारतसुद्धा नाही, पण कुकीतून माणूस ओळखता येत असेल तर तो वैयक्तिक डेटाच झाला. कलम ६ म्हणतं की संमती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कामापुरती, माहिती असून, बिनशर्त, नि:संदिग्ध हवी आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणं सोपं. आणि ताई, तुमच्या कामाचं म्हणजे ही विचारणा साध्या भाषेत आणि इंग्रजी किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी, म्हणजे मराठीतही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य कलमांना त्यापुढे १८ महिने दिलेत. तेव्हा ‘वर्धित’ आणि ‘प्राधान्ये व्यवस्थापित’ ही आता नुसती भाषेची तक्रार राहिलेली नाही.

बटणाकडे येऊ. ‘स्वीकारा’ मला पटत नाही. मराठी माणूस सत्कार स्वीकारतो, निमंत्रण स्वीकारतो, राजीनामा स्वीकारतो, नाहीतर लाच स्वीकारताना रंगेहाथ सापडतो. कुकी कुणी आपल्या हातात देत नाही, साइट ती आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते. मग ‘परवानगी देतो’ लिहावं तर बायकांनी काय करायचं, ‘देतो/देते’ अशी तिरकी रेघ बटणावर भयंकर दिसते. ‘मान्य आहे’ लिहा, त्याला लिंग नाही. आणि नकाराला आपल्याकडे ‘नको’सारखा शब्द असताना ‘सर्व नाकारा’ कशाला? ‘नको’ तितक्याच मोठ्या अक्षरात, तितक्याच ठळक रंगात, शेजारीच. ‘चालेल’ मोहात पाडतं, पण चालेल आपण कंटाळूनही म्हणतो, तिथे पुन्हा ना हरकतीची गत.

ट्रॅकिंगला काय, हे विचारलं नाहीये तरी सांगतो कारण तिथे सगळ्यात जास्त लपवालपवी चालते. कंपन्यांना ‘मागोवा’ आवडतो. मागोवा घेणं हे किती सोज्वळ, वर्षभरातल्या घडामोडींचा मागोवा! घणसोलीला भाड्याने वन बीएचके एकदा शोधला आणि मग बातमी वाचा, रेसिपी बघा, पंचांग उघडा, पंधरा दिवस घणसोलीचेच फ्लॅट समोर येतायत, याला मागोवा नाही म्हणत. चोराचा काढतात तो माग. ‘पाळत’ कदाचित पतसंस्थेला झेपणार नाही, ‘माग ठेवणाऱ्या कुकीज’ लिहा.

कुकीचं मराठी करत बसू नका. १९९४ मध्ये नेटस्केपमधल्या लू माँटुलीने संगणकवाल्यांच्या जुन्या ‘मॅजिक कुकी’वरून हे नाव उचललं, बिस्किटाशी जोडून हाती काही लागत नाही. स्त्रीलिंगी धरा, ती कुकी. बॅटरी-बॅटऱ्या, कंपनी-कंपन्या या चालीने खरं तर कुक्या व्हायला पाहिजे आणि मला ते आवडतंही, पण पतसंस्थेच्या साइटवर कुक्या वाचून लोक हसतील, तूर्त कुकीज.

तर मी असं लिहीन: ‘लॉगिन चालू राहावं म्हणून काही कुकीज लागतातच. याशिवाय, तुम्ही कुठली पानं बघता याचा माग ठेवणाऱ्या कुकीज तुमच्या फोनमध्ये ठेवायच्या आहेत, त्यातली माहिती जाहिरात कंपन्यांकडे जाते. त्याला तुमची संमती आहे का?’ बटणं ‘मान्य आहे’ आणि ‘नको’. यातलं जाहिरात कंपन्यांचं वाक्य खरं आहे का ते साइट बनवणाऱ्याला आधी विचारून घ्या, नसेल तर काढा. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी ‘संमती मागे घ्या’ अशी लिंक, तीन मेनूंच्या आत नको.