आमची संस्था साताऱ्यात मतदार नोंदणी शिबिरं घेते. कुठल्या पक्षाचा शिक्का बसू नये म्हणून काय काळजी घ्यावी?

आधी मंडप आणि चहा कुणाचा ते बघा, घोटाळा तिथूनच सुरू होतो. एखादे दादा म्हणतात, "खुर्च्या आमच्याकडून घ्या", आणि दुसऱ्या दिवशी संस्थेच्या नावाशेजारी त्यांचा हात जोडलेला फ्लेक्स! त्यापेक्षा भाड्याने आणा, नाहीतर शाळेचा वर्ग मागा.

येईल त्याचा अर्ज भरून द्या: नवीन नावाला नमुना 6, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला नमुना 8. शिबिर फक्त सदर बाजारात नको, गोडोली-करंज्यातही घ्या. भरलेले अर्ज थेट बीएलओकडे, म्हणजे त्या मतदान केंद्राची मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे. नाव-नंबरांची यादी मात्र जिवापाड जपा. कार्यकर्ते ती गोड बोलून मागतातच.

"मग मत कुणाला देऊ?" असं एखाद्या आजींनी विचारलं तर, "ते तुमचं तुम्ही ठरवा, आजी." बस्स.

उमेदवारांना बोलवायचं तर सगळ्यांना एकच पत्र, बोलायला सारखाच वेळ. स्वयंसेवकाने घरच्या वेळात प्रचार करावा की, पण संस्थेचा टी-शर्ट घालून किंवा संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही.

मतदानादिवशी उमेदवाराने दिलेल्या गाडीतून मतदार नेऊ नका; लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 123 मध्ये तो भ्रष्ट आचार आहे.