आजोबांच्या ट्रंकेतला मुकुटाचा बिल्ला वॉरंट ऑफिसरचा आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबा फौजेत होते. त्यांच्या ट्रंकेत पानांच्या वेढ्यातला मुकुट असलेला एक पितळी बिल्ला निघाला आणि सोबत लाल-पिवळी-लाल फीत लावलेले दोन-दोन स्टार. विकत घ्यायला आलेला माणूस म्हणतो, सगळं वॉरंट ऑफिसरचं (ब्रिटिश सैन्यात सार्जंटच्या वरचा, पण कमिशन नसलेला हुद्दा) आहे आणि पहिल्या महायुद्धातलं आहे. हे खरं आहे का?

मला तरी ही दोन वेगळ्या माणसांची चिन्हं वाटतात, आणि 'पहिलं महायुद्ध' तर त्या माणसाने भाव ठरवण्यासाठी ऐनवेळी काढलेलं दिसतंय. स्टारखालची ती फीत पहिल्या महायुद्धात नव्हतीच.

आधी स्टारचं बघू, कारण आजोबांची ओळख तिथेच आहे. दोन स्टार आणि फीत म्हणजे सुभेदार. आपल्या पायदळात वॉरंट ऑफिसर हा हुद्दा नाही, जेसीओ म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर आहेत: नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. इंग्रजांच्या काळात याच साखळीला व्हाइसरॉयचे कमिशन्ड ऑफिसर म्हणत आणि नायब सुभेदाराला जमादार. जमादार हे नाव 1965 मध्ये बदललं. परदेशी विक्रेते जेसीओंना सरसकट वॉरंट ऑफिसरांच्या खणात टाकतात, तिथूनच निम्मा गोंधळ सुरू होतो. कामठीच्या छावणीत एखाद्या निवृत्त सुभेदार साहेबांना 'तुम्ही वॉरंट ऑफिसर होता ना?' असं विचारून बघा, चहा मिळायचा नाही.

आता तो स्टार हातात घेऊन नीट पाहा. साधा पाच टोकांचा असेल तर तो प्रजासत्ताक भारताचा, म्हणजे 26 जानेवारी 1950 नंतरचा. चौकोनी अंगाचा, मधल्या गोलात तीन इवले मुकुट असलेला असेल तर तो ब्रिटिश पद्धतीचा, त्याआधीचा. इथे बरेच जण 15 ऑगस्ट 1947 ही रेघ धरतात, ती चूक आहे. मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले ते 1950 मध्ये. मधली अडीच वर्षं स्वतंत्र भारताचे सैनिक राजाचा मुकुट लावूनच वावरत होते.

पितळी बिल्ला मात्र ब्रिटिश वॉरंट ऑफिसरच्या घराण्यातला आहे, आणि तो खांद्यावरचा नाही, मनगटाकडचा. ब्रिटिश सैन्यात सार्जंटच्या व्ही आकाराच्या फिती दंडावर असतात, वॉरंट ऑफिसरचं चिन्ह बाहीच्या खालच्या भागावर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाह्या दुमडल्या की चिन्ह लावणार कुठे? म्हणून कातडी मनगटपट्टा करून त्यावर पितळी बिल्ला बसवत. तुमच्या बिल्ल्याच्या मागे दोन कड्या असतील, तर त्या पट्ट्याला भोकं पाडून आत घालायच्या आणि मागून पिन अडकवायची. असा पट्टा ट्रंकेत कुठे वळकटी होऊन पडलाय का, ते शोधा. काळा पडलेला असला तरी फेकू नका.

हुद्दा ओळखताना सगळ्यात जास्त लोक जिथे घसरतात ती गोष्ट म्हणजे एकाच चिन्हाचा अर्थ काळानुसार बदललाय. पहिल्या वर्गाच्या वॉरंट ऑफिसरला राजचिन्ह: सिंह, युनिकॉर्न, मध्ये ढाल. दुसरा वर्ग 1915 मध्ये निर्माण झाला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात त्यातल्या कंपनी सार्जंट-मेजरला नुसता मोठा मुकुट आणि क्वार्टरमास्टर-सार्जंटला, म्हणजे भांडार सांभाळणाऱ्याला, पानांच्या वेढ्यातला मुकुट असे. मग 1938 मध्ये तिसरा वर्ग आला, प्लाटून सार्जंट-मेजरचा. नुसता मुकुट त्याला दिला आणि दुसऱ्या वर्गातल्या सगळ्यांना वेढ्यातला. तिसऱ्या वर्गात 1940 नंतर नव्या नेमणुका थांबल्या आणि युद्धानंतर कंपनी सार्जंट-मेजर पुन्हा नुसत्या मुकुटावर आला. त्यामुळे वेढ्यातला मुकुट 'कोणाचा' हे वर्ष कळल्याशिवाय सांगणारा माणूस ठोकून देतोय असं समजा. नुसता मुकुट मेजरच्या खांद्यावरही असतो, पण तो बराच लहान.

वर्ष काढायचं मुकुटावरून. मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोल वर गेलेल्या असतील तर राजाचा मुकुट, साधारण 1901 ते 1952. कमानी मध्ये चेपलेल्या असतील, उशीवर कोणी बसून उठल्यासारख्या, तर एलिझाबेथ राणीचा, म्हणजे 1953 च्या राज्याभिषेकाच्या सुमारापासून पुढचा. मी हे शिकलो ते अठराशे रुपये घालवून. पंधरा वर्षांपूर्वी नागपूरच्या बर्डीवर एका विक्रेत्याकडून 'सन पंधराचा' म्हणून वेढ्यातला मुकुट घेतला, घरी येऊन भिंगाखाली धरला तर मध्ये चेपलेला! वर तो पितळेचाही नव्हता, सोनेरी मुलाम्याचं अ‍ॅल्युमिनियम, जे 1950 च्या दशकात वापरात आलं. आता एक नवी कटकट झालीय: चार्ल्स राजाने 2022 मध्ये पुन्हा घुमटाचा मुकुट निवडला, त्यामुळे कोरा करकरीत मालही आजोबांच्या काळातला म्हणून खपू शकतो.

खरा-खोटा बघायचा तर बिल्ला उलटा करा. ठशाखाली दाबून काढलेला असेल तर पुढचा उठाव मागे खोलगट दिसतो. वाळूच्या साच्यात ओतलेला असेल तर पाठ सपाट आणि बारीक छिद्रांची. पण ओतीव म्हणजे नकलीच, असं भारतात म्हणता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात इथल्या कारागिरांनी छावण्यांसाठी असे ओतीव बिल्ले केलेत आणि ते अस्सलच आहेत. कापडी चिन्ह असेल तर अंधारात अतिनील टॉर्च मारतात. नव्या धाग्यातली चकाकी निळसर पेटते, जुना सुती धागा मंद राहतो. फक्त घरात कोणी तो कपडा टिनोपॉलमध्ये, म्हणजे कपड्यांना चकाकी देणाऱ्या पावडरीत, बुडवला असेल तर अस्सल जुनं कापडही लखलखतं. आमच्याकडे एका आजीबाईंनी असंच केलं होतं, आणि आम्ही दोन महिने त्या चिन्हाला नकली म्हणत बसलो.

आजोबा दारूगोळा किंवा भांडार खात्यात होते का, हेही घरात विचारा. तिथे ब्रिटिश वॉरंट ऑफिसर असत आणि त्यांना कंडक्टर, सब-कंडक्टर म्हणत. एसटीशी काही संबंध नाही. आजोबांचं अशा कोणाच्या हाताखाली काम झालं असेल तर बदलीच्या वेळी आठवण म्हणून बिल्ला हाती आला असणं सहज शक्य आहे. हा माझा तर्क आहे, पुरावा आजोबांच्या डिस्चार्ज बुकातच, म्हणजे फौजेतून निवृत्त होताना मिळालेल्या पुस्तिकेतच मिळेल. हुद्दा, युनिट आणि तारखा तिथे असतात.

तोवर दोन गोष्टी करू नका. बिल्ल्याला पितांबरी किंवा ब्रासो लावू नका. कड्यांजवळचा मळ आणि हिरवट गंज हाच वयाचा साक्षीदार असतो, आणि चकचकीत केलेल्या बिल्ल्याची संग्राहकाकडे किंमत उतरते. दुसरं, स्टार आणि बिल्ला वेगळे विकू नका, निदान डिस्चार्ज बुक सापडेपर्यंत.

बिल्ल्याचे पुढून, मागून आणि मोजपट्टी शेजारी ठेवून असे तीन फोटो टाका. मुकुटाच्या कमानी स्पष्ट दिसल्या पाहिजेत, उजेड खिडकीचा घ्या, फ्लॅश मारू नका.