मामंजींचं मशीन भंगारात घालू का?

प्रश्न : मामंजींचं निपाणीत फोटो फ्रेमचं दुकान होतं, आता बंद आहे. मागच्या सोप्यात पायानं दाबायचं एक अवजड बिडाचं मशीन पडून आहे, त्याला दोन पाती. शिवाय काच कापायचा हिरा आणि एकात एक बसणारी दोन भांडी. मुलगा दुकान पुन्हा उघडायचं म्हणतोय आणि भंगारवाला मशीन किलोवर मागतोय. काय करू?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : ताई, भंगारवाल्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

ते मशीन फ्रेमची पट्टी पंचेचाळीसच्या कोनात कापायचं. दोन्ही पाती एकमेकींशी काटकोनात असतात, त्यामुळे एका तुकड्याचं शेवट आणि पुढच्याची सुरुवात एकदमच कापली जाते, मधली त्रिकोणी ढलपी खाली पडते. डेन्मार्कच्या मोर्सो कंपनीचं मशीन यात नावाजलेलं. बिडावरची धूळ पुसून नाव दिसतंय का बघा. नसलं तरी बिघडत नाही, मी शहापुरात शिकलो ते नकलेवरच.

मुलाला एक सांगा, एका दमात कापायचं नाही. शिकाऊ असताना, ऐन गणपतीच्या गर्दीत मी सोनेरी मुलाम्याची रुंद पट्टी एकाच दाबात तोडायला गेलो. मुलाम्याखालच्या खडूच्या थराच्या कपच्या उडाल्या. मालक काही बोलले नाहीत, पगारातून मात्र बरोबर कापले. पाती पुढे सरकवत तीन-चार घासांत कापायचं, शेवटचा घास कागदाएवढा पातळ. मग कड अशी गुळगुळीत येते की रंधा लावावा लागत नाही. हल्लीच्या फायबरच्या पट्ट्या मात्र दाबानं तडकू शकतात, त्यांना बारीक दातांची करवतच बरी.

कोपऱ्यात फट राहिली की लोक लाकडाला नावं ठेवतात. आधी कोन तपासा की! एका कापात अर्धा अंश चुकला तर चार कोपऱ्यांचे आठ काप मिळून चार अंश होतात, आणि सगळी फट शेवटच्या कोपऱ्यात उघडी पडते. दोन तुकडे कापून, जोडून, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून बघायचं. पात्यांना धार लावायची तर जोडीनंच. एकच पातं घासलं की दोघींचा मेळ जातो. गंज रॉकेलनं काढा, पण पाती उघडी असतात, पायटा कुणाकडून चुकून दाबला जाणार नाही हे बघून.

हिऱ्याबद्दल आमच्यात म्हणतात की तो एकाच हाताला बसतो. मामंजींच्या हाताचा कल मुलाला सापडायला चार काचा फुटतील, फुटू द्यात. रेघ एकदाच ओढायची, तिच्यावरून परत गेलं की काच भलतीकडे तडकते. शिवाय काच फ्रेमच्या खाचेपेक्षा एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमीच कापायची, नाहीतर पावसाळ्यात लाकूड फुगलं की ताण येतो.

भांडी सरसाची, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या डिंकाची. बाहेरच्यात पाणी, आतल्यात रात्रभर भिजवलेला सरस. उकळू द्यायचा नाही, उकळला की त्याची पकड जाते. फेविकॉल सोपा आहे, मीही वापरतो. पण सरसानं जोडलेला कोपरा गरम पाण्याच्या फडक्यानं सुटतो. तुमच्या घरात मामंजींनी बांधलेली एखादी देवाची तसबीर असेल, तिचा कोपरा सोडवायची वेळ आली तर आधी फडकं लावून बघा, पक्कड नंतर.