सरकारी कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा दिला, आता सगळ्यांना चार दिवसांचा देणार का?

प्रश्नाखाली तुम्ही दोन ओळी जास्तीच्या लिहिल्यात : "पाच दिवसांत कामं होत नाहीत, तिथे चार दिवसांत काय दिवे लावणार? नव्या कामगार संहितेत चार दिवसांची सोय आहे म्हणतात, ते खरं का?" दुसऱ्या ओळीचं उत्तर सोपं आहे. पहिलीने डोकं फिरलं, म्हणून आधी तिचं बघते.

मी राज्य सरकारी कार्यालयात आस्थापनेच्या टेबलावर आहे. कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी, घर पुढच्या तालुक्यात, रोज पासावर अप-डाऊन. आमचा पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० ला सुरू झाला. तो दिवस नेमका शनिवार होता, तोही पाचवा, म्हणजे जुन्या हिशेबाने कामाचा. दुसरा आणि चौथा शनिवार आम्हाला आधीपासून सुट्टीच होती, त्यामुळे नवीन मिळाले ते फक्त उरलेले शनिवार. त्यातही महिना उलटायच्या आत लॉकडाऊन लागला, म्हणजे चंगळ कशी असते ते कळायलाच वेळ गेला.

आता बदल्यात काय गेलं ते सांगते, कारण हे कुणी विचारतच नाही. आधी मुंबईबाहेरच्या कार्यालयांची वेळ दहा ते पावणेसहा होती. ती झाली पावणेदहा ते सव्वासहा. शिपायांची साडेनऊ ते साडेसहा. निर्णयाच्या वेळी शासनाने हिशेब दिला होता : पूर्वी वर्षाचे सरासरी २८८ दिवस, जेवणाची सुट्टी वगळून रोज सव्वासात तास, एकूण २०८८ तास. आता २६४ दिवस, रोज आठ तास, एकूण २११२. म्हणजे वर्षाला २४ तास जास्त. आठ-आठ तासांचे तीन दिवस आम्ही सरकारला वर भरतो, आणि लाड मात्र आमचे!

हा हिशेब मला तोंडपाठ आहे, आणि त्याचं श्रेय धाकट्या दिरांना. नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्यात पंगत बसलेली, मी वाढत होते, आणि भाऊजींनी सगळ्यांना ऐकू जाईल असं काढलं, "वहिनींचं बरंय बाबा, पाच दिवस जायचं नि सात दिवसांचा पगार." भाऊजी आयटी कंपनीत. नोकरीला लागले त्या दिवसापासून त्यांना शनिवार-रविवार दोन्ही सुट्टी. त्यांचा शनिवार म्हणजे वर्क-लाइफ बॅलन्स आणि माझा शनिवार म्हणजे जनतेच्या पैशाची उधळपट्टी. त्यांचा राग कशाचा होता तेही सांगते. आमच्याच आवारातल्या दुसऱ्या कार्यालयात ते जुन्या फेरफाराची नक्कल काढायला शनिवारी आले होते. गेटला कुलूप. मला फोन केला, तेव्हा मी गिरणीत दळणाच्या रांगेत होते. त्या कुलपाचा सूड पंगतीत निघाला.

मी वाढायचं भांडं जावेच्या हातात दिलं, पर्समधून अहेराचं पाकीट काढलं आणि त्याच्या मागच्या बाजूला २८८ गुणिले सव्वासात मांडून त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. इंजिनिअर माणूस, आकडे कळले. पण माघार कशी घेणार? म्हणाले, "आठ तास बसता, काम किती करता?" म्हटलं, ते वेगळं भांडण आहे भाऊजी. सहा दिवस होते तेव्हा मी काम करत नसेन तर पाच दिवसांतही करणार नाही, आणि तेव्हा करत असेन तर आत्ताही करते. यात आठवड्याचा काय दोष? सासूबाई "जाऊ दे गं, शुभकार्य आहे" म्हणाल्या म्हणून तिथे थांबले. इथे मला थांबवायला कुणी नाही.

पावणेसहाला सुटायचो तेव्हा सहा दहाची पॅसेंजर मिळायची. आता सव्वासहाला बायोमेट्रिकसमोर रांग. घामाने अंगठा उमटत नाही, पदराला पुसायचा, परत लावायचा, मागचे कुरकुरतात, आणि तोवर गाडीने स्टेशन सोडलेलं असतं. पुढची सव्वासातनंतर. घरी पोचते तेव्हा टीव्हीवर रात्रीच्या बातम्या लागलेल्या असतात, आणि कुकर तेव्हा चढतो. सकाळी पावणेदहा गाठायचे म्हणून आधीची गाडी. ती चुकली तर लेट मार्क, आणि तीन लेट मार्कांना एक किरकोळ रजा गेली. कागदावर रोजचा पाऊण तास वाढलाय. माझ्यासारखीचा तो घरी पोचेपर्यंत दीड-दोन तासांचा होतो. मग शनिवार कशात जातो? पाच दिवस साचलेलं घर उपसण्यात. दळण, बँक, सासूबाईंचा डॉक्टर. विधिमंडळाचं अधिवेशन चालू असेल तर तेही नाही. तारांकित प्रश्नाची, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं त्या प्रश्नाची माहिती "आजच, अत्यंत तातडीने" म्हणून ग्रुपवर मेसेज पडतो आणि शनिवारी कार्यालय उघडतं. मार्च महिन्यात तर कोषागारात बिलं लावण्यापुढे शनिवार-रविवार कुणाला आठवतच नाहीत.

तर आता तुमचा प्रश्न. होय, सोय आहे. केंद्राने जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. आठवड्याची कमाल मर्यादा ४८ तास, जी १९४८ च्या कारखाने कायद्यातही होती. बारा-बारा तासांचे चार दिवस भरून तीन दिवस सुट्टी देता येते, म्हणजे बारा चोक अठ्ठेचाळीस. एक मिनिटही कमी झालेलं नाही. महाराष्ट्रात तर सप्टेंबर २०२५ मध्येच मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास करायला मंजुरी दिली. त्या बातमीत चार दिवसांचा आठवडा कुणी शोधला नाही, कारण नसतोच तो तिथे. तुम्हाला येणार का? मालकाच्या मनात आलं तर येईल. हक्क म्हणून मागता येणार नाही.

खरा लहान आठवडा वेगळा असतो. आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात सुमारे अडीच हजार लोकांवर प्रयोग झाला. चाळीस तासांचे पस्तीस-छत्तीस केले, पगार तोच ठेवला. ब्रिटनमध्ये २०२२ साली ६१ कंपन्यांनी सहा महिने पूर्ण पगारात ऐंशी टक्के वेळ करून पाहिला आणि त्यातल्या ५६ कंपन्यांनी तो पुढेही चालू ठेवला. बेल्जियमने त्याच वर्षी दिलं ते मात्र आपल्यासारखंच, तास तेवढेच, चार दिवसांत कोंबलेले. बातमीत तिन्ही देशांच्या नावापुढे "चार दिवसांचा आठवडा" एवढंच छापून येतं, आणि मग भाऊजींसारखे लोक पंगतीत बोलतात.

भाऊजी ज्या रविवारी अकरापर्यंत लोळतात, तो रविवारही कुणी खुशीने दिलेला नाही. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी १८८४ पासून तो लावून धरला, तेव्हा १८९० मध्ये मिळाला. त्यांच्या मागण्यांत आठवड्याची सुट्टी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती आणि काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच, हेही होतं. दिवस आणि तास दोन्ही एकाच अर्जात. आमच्या संघटनांनी २०२० मध्ये नुसता दिवस घेतला आणि पेढे वाटले. हे मी तेव्हाही बोलले होते, संघटनेच्या बैठकीत माझ्याकडे लोकांनी अशा नजरेने पाहिलं की मीच फितूर!

म्हणून कुणी चार दिवसांची नोकरी देऊ केली तर आधी रोजचे तास विचारा, मग ओव्हरटाइम कितव्या तासानंतर धरतात ते विचारा, आणि घरापासूनचं अंतर स्वतः मोजा. एकट्या मुलाला, कंपनीच्या शेजारी राहणाऱ्याला, बारा तासांचे चार दिवस कदाचित परवडतीलही. घरी लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर नाही. तीन दिवस सुट्टी आहे म्हणून मूल चार दिवस जेवायचं थांबत नाही.

आता दोन गोष्टी कबूल करायला हव्यात, नाहीतर खाली कुणीतरी लिहीलच. एक, आमचा पाच दिवसांचा आठवडा पोलीस, सरकारी दवाखाने, शाळा, अग्निशमन यांना मिळालाच नाही. माझी थोरली जाऊ सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे, तिच्यापुढे मी ही रड गात नाही. दुसरी, भाऊजींचं कुलूप खोटं नव्हतं. ज्याची रोजंदारी बुडते त्याला कार्यालयात यायला शनिवारच सोयीचा, आणि नेमका तोच आम्ही बंद केला. यावर उपाय अवघड नाही. अर्धे लोक शनिवारी येतील, त्यांना सोमवारी सुट्टी द्या, आणि रोजची वेळ पुन्हा दहा ते पावणेसहा करा. तास कमी होतील आणि गेटही उघडं राहील. मी हे टिपणीवर नीट मांडून वर पाठवलं होतं. बऱ्याच दिवसांनी परत आलं. समासात हिरव्या शाईत शेरा होता : "सदर बाब धोरणात्मक असल्याने या स्तरावर कार्यवाही करता येत नाही. नस्तीबंद करावे." नस्ती म्हणजे फाइल, आणि ती माझ्याच टेबलाची, त्यामुळे ती बंदही मलाच करावी लागली, आणि ते काम मी सव्वासहानंतर केलं.