युरोपात कास्ट आयर्नचे पाइप फिटिंग पाठवतो, सीबॅम (युरोपियन युनियनचा आयात मालावरचा कार्बन टॅक्स) वाचवायला फाउंड्रीवर सोलर लावू का?

सोलरने लाईटबिल कमी होईल पण सीबॅम कमी होणार नाही, कारण लोखंड-स्टीलच्या मालाला सध्या फक्त डायरेक्ट एमिशन (माल बनवताना थेट निघणारा कार्बन) मोजतात, विजेचं नाही (नियमावलीच्या परिशिष्ट 2 मध्ये ही यादी आहे, सिमेंट आणि खताला मात्र वीजही धरतात). तुमचा खरा आकडा भट्टीत काय टाकता त्यावर ठरतो. क्युपोला (कोकवर चालणारी भट्टी) असेल तर कोकचा धूर थेट तुमच्या खात्यावर येतो, इंडक्शनवर (विजेच्या भट्टीवर) गेलात की तो भाग जातो. दुसरं म्हणजे पिग आयर्न, म्हणजे खनिजापासून बनवलेलं कच्चं लोखंड, ते बनवताना ब्लास्ट फर्नेसमध्ये जेवढा कार्बन निघाला तो तुमच्या मालात धरला जातो आणि भंगाराला शून्य धरतात, म्हणून चार्जमध्ये (भट्टीत टाकायच्या मालात) भंगार वाढवा, क्वालिटी सांभाळून अर्थात. आणि हिशोब लिहून ठेवा:
- कोक, डिझेल, गॅस किती जळला
- पिग आयर्न कुठून आलं, सप्लायरकडचा एमिशनचा आकडा
हे नसेल तर डिफॉल्ट व्हॅल्यू (युरोपियन युनियनने ठरवून दिलेला आकडा) लागते आणि ती मुद्दाम चढी ठेवलेली असते. टॅक्स भरणार तिकडचा इम्पोर्टर, पण 1 जानेवारी 2026 पासूनच्या मालावर खरा टॅक्स लागू झाल्यामुळे तो रेट तुमच्याकडूनच पाडून मागणार.

फक्त आधी एचएस कोड (कस्टम्सचा मालाच्या वर्गवारीचा नंबर) बघा: 7307 चे फिटिंग सीबॅममध्ये येतात, पण 84 किंवा 87 मध्ये जाणारे पंपाचे, गाड्यांचे पार्ट सध्या त्या यादीत नाहीत, आणि इम्पोर्टरचा वर्षाचा सीबॅमवाला माल एकूण 50 टनांच्या आत असेल तर त्यालाही सूट आहे.