नाकतोडा की टोळ?

गुहागरच्या एका वाचकांनी विचारलंय : भाताच्या खाचरात हिरवा किडा दिसतो, डोळ्यामागून तपकिरी पट्टा गेलेला. हा टोळ की नाकतोडा? आणि राहतो कुठे?

नाकतोडा! २०२० च्या मे महिन्यात विदर्भात टोळधाड उतरली, तेव्हापासून आमच्या कोकणातही बांधावरून एक किडा उडाला की 'टोळ आला' सुरू. एकट्याला टोळ म्हणणं म्हणजे एका वारकऱ्याला दिंडी म्हणणं. वाळवंटी टोळसुद्धा एकटा असतो तेव्हा साधा, बुजरा नाकतोडाच असतो. दाटी झाली, मागच्या तंगड्यांना शेजाऱ्यांचे धक्के लागत राहिले, की त्याचा स्वभाव पालटतो, मग रंगही. किडा तोच, रूपं दोन, हे कीटकशास्त्रज्ञ उवारोव्ह यांनी १९२१ सालीच मांडलं. टोळ आणि टोळी हे शब्द सख्खे भाऊबहीण आहेत असं मी मानतो, कोण काय म्हणायचं ते म्हणो.

पण खरी गंमत 'नाकतोडा'त आहे. एक विद्वान स्नेही यात संस्कृत 'नक्त', म्हणजे रात्र, शोधतात. कारण काय, तर तो दिव्यावर येतो. अहो, भर उन्हात खाचरात उतरून बघा, पावलागणिक चार उडतात! प्रत्येक मराठी शब्दाला सोवळं नेसवायची ही हौस. हे आपलं साधं 'तोडणे' आहे, लचका तोडण्यातलं. कानात शिरेल या धास्तीने कानखजुरा, नाकाला डसेल या धास्तीने नाकतोडा. म्हणजे किड्याचं नाव त्याच्या कर्तृत्वावरून नाही, आपल्या भीतीवरून पडलंय. आमची आजी तर तो हातात दिसला की आधी स्वतःचंच नाक झाकायची. वास्तविक त्याचे जबडे चालतात आडवे, भाताची पात कडेने कुरतडायला. नाक कुठलं तोडतोय! फार छेडलंत तर पान खाल्ल्यासारखा तपकिरी रस तुमच्या बोटावर थुंकेल, एवढंच.

हां, तुमचा किडा. वर्णनावरून तो 'ऑक्झिया' प्रजातीतला, भातातला नेहमीचा नाकतोडा. मुक्काम खाचरात, बांधावरच्या ओल्या गवतात, पाणथळीच्या कडेला. फक्त मिशा बघून घ्या. आखूड असल्या तर माझं उत्तर पक्कं. अंगापेक्षा लांब असल्या तर तो रातकिड्यांच्या नात्यातला, आणि मग आमच्या स्नेह्यांची 'नक्त' निदान त्याला तरी लागू पडेल.