२०० जीबीच्या डेटाबेसला १२ टीबी कशाला?

डेटाबेस सर्व्हरच्या डिस्कसाठी तुम्ही मागवलेलं विक्रेत्याचं कोटेशन पाहिलं. ४ टीबीच्या चार साटा हार्ड डिस्क, रेड ५ (डिस्क एकत्र जोडायच्या आणि एकीएवढी जागा पॅरिटीला, म्हणजे एखादी डिस्क गेली तर डेटा परत उभा करायच्या हिशेबाला द्यायची), हाताशी १२ टीबी. आणि तुमचा पोस्टग्रेसचा डेटाबेस २०० जीबीचा, त्यावर बिलिंग-स्टॉकचं काम करणारी चाळीसेक माणसं. मी हे कोटेशन परत पाठवलं असतं. जागेची अडचण तुम्हाला नाहीच; अडचण आहे ती बारीकसारीक लिखाणाची.

एक बिल सेव्ह झालं की स्टॉक, खातं, इंडेक्स अशी ठिकठिकाणची ८ केबीची पानं बदलतात. ७२०० आरपीएमची (मिनिटाला तेवढे फेरे घेणारी) डिस्क अशी विखुरलेली कामं सेकंदाला साधारण ८०-१०० उरकते. त्यात रेड ५ वर एक पान बदलायचं तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा. एका लिखाणाला चार कामं! म्हणजे पैसे चार डिस्कचे आणि लिहिण्याचा वेग जेमतेम एकीचा. त्याच डिस्क रेड १० मध्ये (जोड्या करून प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर) लावल्या तर वेग दुप्पट होतो, जागा ८ टीबी उरते. तरी आज मी तेही घेणार नाही.

९६० जीबीच्या दोन एंटरप्राइज एसएसडी घ्या आणि रेड १ करा, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. पुरे. मात्र पॉवर लॉस प्रोटेक्शन (लाइट गेल्यावर पुरणारा आतला कपॅसिटर) हवंच. कमिट करताना, म्हणजे बदल कायम करताना, डेटाबेस एफसिंक मागतो (‘डिस्कवर खरंच उतरव’ असा हुकूम), नोंद पक्की झाल्याशिवाय पुढे सरकत नाही. कपॅसिटरवाली एसएसडी नोंद कॅशमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) घेऊन लगेच ‘झालं’ म्हणू शकते, कारण लाइट गेली तरी तेवढं उतरवून घेण्यापुरती वीज तिच्यापाशी असते. घरगुती एसएसडीत सहसा ही सोय नसते. ती एफसिंकला रखडते, नाहीतर सरळ खोटं बोलते. ‘यूपीएस आहे ना’ असं कोणी म्हणालं, तर त्याची बॅटरी शेवटची कधी बदलली ते विचारा.

खोटं पकडायला पोस्टग्रेससोबतच पीजी-टेस्ट-एफसिंक मिळतं, ते सेकंदाला किती एफसिंक होतात ते मोजतं. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, खरे एफसिंकही साधारण तेवढ्याच घरातले. सध्याच्या हार्ड डिस्कवर आकडा हजारांत दिसला, तर मधली कुठली तरी कॅश परस्पर होकार देतेय. रेड कार्डावरची (डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या कार्डावरची) बॅटरीवाली असेल तर उत्तम. डिस्कची स्वतःची असेल तर ती बंद करा.

एनव्हीएमईचा (आणखी वेगवान एसएसडीचा) मोह होईल, पण तुमच्या रेड कार्डाला ते चालतं का ते आधी बघा. लिनक्सवर कार्डाऐवजी एमडीएडीएम या सॉफ्टवेअरने रेड करूनही भागतं.

हार्ड डिस्क घ्यायच्याच असतील तर बॅकअपसाठी, दुसऱ्या मशीनमध्ये. चुकून चाललेला डिलीट रेड १ दोन्ही डिस्कवर सारख्याच इमानदारीने चालवते. रोज बेस बॅकअप (पूर्ण डेटाबेसची प्रत), सोबत वॉल आर्काइव्ह (त्यानंतरच्या प्रत्येक बदलाची नोंद), आणि अधूनमधून तो बॅकअप दुसरीकडे रिस्टोअर करून बघा.

नवं कोटेशन मागवताना नुसतं ‘९६० जीबी एसएसडी’ चालवून घेऊ नका, मॉडेल नंबर लिहून मागा. डेटाशीटवर पॉवर लॉस प्रोटेक्शन आणि डीडब्ल्यूपीडी (रोज पूर्ण डिस्क किती वेळा लिहिलेली चालते तो आकडा) तपासा. तुमच्या कामाला १ डीडब्ल्यूपीडी भरपूर झालं. ३ वाल्यासाठी जादा पैसे मोजू नका.